ध्रुवीकरण, तेढ, अढी: फूट ‘पडते’ की ‘पाडतात’?

अनुस्वार: राजकीय मानसशास्त्रावरच्या मजकुरात ‘अफेक्टिव्ह पोलरायझेशन’साठी सर्रास ‘भावनिक ध्रुवीकरण’ लिहिलेलं दिसतं. हे बरोबर आहे का? आणि दुही, दुफळी, तेढ, फूट असे शब्द हाताशी असताना ‘ध्रुवीकरण’च कशाला?

उंबरठा: ‘भावनिक’ इथे घात करतो. ‘तो भावनिक झाला’ म्हटलं की मराठी वाचकाला डोळ्यांत पाणी दिसतं. कर किंवा स्थलांतराविषयीची मतं दोन टोकांना गेली, तर ते वैचारिक ध्रुवीकरण. मतं होती तिथेच राहिली, पण दुसऱ्या पक्षाचा माणूस शेजारी किंवा जावई म्हणून नकोसा झाला, तर ते अफेक्टिव्ह पोलरायझेशन. दोन्ही बरोबरीनं वाढतातच असं नाही, म्हणून तर वेगळी संज्ञा लागली. ‘भावगत ध्रुवीकरण’ म्हणा, निदान रडारड तरी टळेल.

ते मोजतात कसं, हेही शब्द निवडताना उपयोगी पडेल. ० ते १०० अंशांचा काल्पनिक तापमापक देऊन प्रत्येक पक्षाविषयी किती जिव्हाळा वाटतो ते विचारतात. ५० म्हणजे ना प्रेम ना राग. स्वपक्षाच्या अंशांतून परपक्षाचे वजा करायचे. गोची अशी की ८० वजा ३० म्हणजे ५०, आणि ९५ वजा ४५ म्हणजेही ५०. पहिला माणूस समोरच्यांवर नाराज आहे. दुसरा फक्त आपल्यांवर लट्टू आहे. वजाबाकीला फरक कळत नाही, म्हणून दोन्ही आकडे वेगळे द्यावेत. अमेरिकेत १९७०च्या दशकापासून स्वपक्षाचे अंश फारसे हलले नाहीत, परपक्षाचे घसरत गेले.

अनुस्वार: मग सरळ ‘परपक्षद्वेष’ का नको?

काना: ३० अंशांना द्वेष म्हणणं जरा जास्तच होतं. ‘दुरावा’ यायला आधी जवळीक लागते. ‘आकस’ बहुधा व्यक्तिगत, त्यामागे काहीतरी घडलेलं असतं. ‘अढी’ बघा: मनात बसते आणि वादात हरल्यानं जात नाही. ‘तेढ’ दोघांमध्ये असते, ‘अढी’ एकाच्याच मनात असू शकते. एका माणसाला प्रश्न विचारून हाती लागते ती अढी. तेढ आहे म्हणायला दोन्हीकडे विचारावं लागेल. एकाच बाजूची पाहणी करून ‘समाजात तेढ’ असा मथळा देणं हा चुकीचा शब्दच नाही, चुकीचा निष्कर्षही आहे.

उंबरठा: मान्य. व्याख्येत ‘भावगत ध्रुवीकरण’, पुढच्या मजकुरात ‘परपक्षाविषयीची अढी’.

वेलांटी: ‘ध्रुवीकरण’वर माझा आक्षेप वेगळा आहे. फूट पडते आणि पाडतात. दुही माजते आणि माजवतात. मराठी क्रियापद कर्त्याचा हिशेब मागतं. ‘ध्रुवीकरण झालं’ म्हटलं की कोणी केलं हा प्रश्नच गळून पडतो. राजकीय लिखाणात म्हणूनच हा शब्द सोयीचा असावा.

काना: पण दर वेळी ‘पाडली’ लिहिणंही खोटं. सामाजिक मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांचे १९७०मध्ये प्रसिद्ध झालेले, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे प्रयोग घ्या. १४-१५ वर्षांच्या मुलांना पडद्यावरच्या ठिपक्यांचा अंदाज करायला लावला आणि त्यावरून गट पाडल्याचं सांगितलं; प्रत्यक्षात वाटणी कशीही केली होती. आपण केलेल्या वाटपातून स्वतःला काही मिळणार नव्हतं, कोण कोणत्या गटात हे नावानिशी ठाऊक नव्हतं. त्याच मालिकेतल्या पुढच्या प्रयोगात गुण वाटायच्या एका तक्त्यात एका टोकाला आपल्या गटातल्या मुलाला १९ नि त्यांच्यातल्याला २५, दुसऱ्या टोकाला आपल्यातल्याला ७ नि त्यांच्यातल्याला १. पहिल्या टोकाला आपल्या गटाची कमाई सर्वांत जास्त, तरी कल आपण त्यांच्या पुढे राहू अशा जोड्यांकडे झुकला. चिथावणारा पुढारी नव्हता, जुनं वैर नव्हतं.

वेलांटी: म्हणजे पक्षपात आपोआप झाला, पण गट संशोधकांनी ‘पाडले’च ना? तुमच्याच वाक्यात क्रियापद आलंय!

काना: पकडलंत. बरोबर आहे: रेघ कोणी तरी मारतो, तिच्या अलीकडे-पलीकडे उभं राहणं मन स्वतःहून करतं.

उंबरठा: आणि रेघ चांगल्या हेतूनंही मारली जाते. उत्तर आयर्लंडच्या १९९८च्या करारानुसार विधानसभेतल्या प्रत्येक सदस्याला ‘युनियनिस्ट’ (ब्रिटनसोबत राहू इच्छिणारे), ‘नॅशनलिस्ट’ (आयर्लंडशी एकीकरण हवं असणारे) किंवा ‘अदर’ (इतर) अशी नोंद करावी लागते. कळीच्या ठरावांना पहिल्या दोन्ही गटांतून ठरावीक पाठिंबा लागतो. एका गटानं दुसऱ्याला चिरडू नये म्हणून ही तरतूद. पण ‘अदर’चं मत एकूण बेरजेत धरतात, गटाच्या बेरजेत नाही. नोव्हेंबर २००१मध्ये युनियनिस्ट नेते डेव्हिड ट्रिंबल यांना प्रथममंत्री निवडून आणण्यासाठी ‘अदर’मध्ये मोडणाऱ्या अलायन्स पक्षाच्या ३ सदस्यांनी आपली नोंद तात्पुरती ‘युनियनिस्ट’ करून घेतली. दोन्ही गटांबाहेर राहणाऱ्यांनाच गटाचं नाव लावावं लागलं. इथे ‘फूट पाडली’ लिहाल तर अन्याय होईल. ‘फूट नियमात बांधली गेली’ ठीक.

(जाता जाता: तिथलं एक शहर एकांचं ‘डेरी’, दुसऱ्यांचं ‘लंडनडेरी’. दोन्ही नावं मध्ये तिरपी रेघ (ब्रिटिश इंग्रजीत ‘स्ट्रोक’) देऊन लिहितात, म्हणून टोपणनाव ‘स्ट्रोक सिटी’. विरामचिन्हाच्या नावानं ओळखलं जाणारं शहर!)

अनुस्वार: मग माझ्या मजकुरातलं ‘निवडणुकीमुळे समाजात भावनिक ध्रुवीकरण झाले’ हे वाक्य कसं लिहू?

वेलांटी: ‘प्रचारात पक्षांनी लोकांना आपले आणि परके असे विभागले; परपक्षाविषयीची अढी वाढली.’ पहिल्या भागाला कर्ता आहे, दुसऱ्याला नाही. आणि ‘वाढली’ लिहिण्याआधी निवडणुकीपूर्वीचे अंश हाती आहेत ना ते बघा. नसतील तर ‘अढी दिसली’ एवढंच.