रद्दीवाल्याला तो गठ्ठा दाखवू नका

(साताऱ्यातल्या एका सोसायटीचा ग्रुप, शनिवार सकाळ)

निकम, सेक्रेटरी: रद्दीवाला आज ११ ला येतोय. पेपर, पुठ्ठे खाली पार्किंगमध्ये आणून ठेवावेत. लिफ्टमध्ये गठ्ठे सोडून जाऊ नये. मागच्या वेळी कुणी सोडले होते ते मला माहीत आहे, नाव घेत नाही.

सुनीता जगताप, बी-३०२: निकम भाऊ, आमचं कोरेगावकडचं गावचं घर पाडायला काढलंय. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत हे निघालं. लाल फडक्यात बांधलेले कागद आहेत. घरात कुणालाच वाचता येत नाहीत. हे पण घेईल का तो?
[फोटो] [फोटो]

राहुल शिंदे, सी-२०१: काकू थांबा थांबा. ते मोडी आहे, मराठी लिहायची जुनी लिपी.

देशपांडे सर, ए-१०४: सुनीताताई, रद्दीवाल्याला तो गठ्ठा दाखवूसुद्धा नका. हात जोडतो. दुसऱ्या फोटोत खाली चित्रं काढल्यासारखं काय आहे? जरा जवळून घ्या.

सुनीता जगताप: घेतला. नांगर आहे बहुतेक. त्याच्या शेजारी गोल आणि त्याला दांडी. पुढे एक हत्यार दिसतंय. मला वाटलं घरातल्या पोरांनी कधी तरी गिरगोटलं असेल.
[फोटो]

ओंकार (आईच्या फोनवरून), बी-१०१: इमोजी आहेत का ते 😂

देशपांडे सर: ओंकार, हसतोस काय, तू फार लांब नाहीस. त्या सह्या आहेत. लिहिता न येणारा माणूस आपल्या कामाची निशाणी काढायचा. नांगर ही पाटलाची निशाणी. गोल आणि दांडी म्हणजे आरसा, तो न्हाव्याचा. ते हत्यार सुताराचं असावं. गावात वतनाचा, हद्दीचा, पाण्याचा तंटा झाला की पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावची माणसं बसायची, दोघांचं ऐकायची, निवाडा लिहून काढायची आणि खाली सगळ्यांच्या निशाण्या पडायच्या. त्या कागदाला महजर म्हणतात. ताई, तुमच्या घरात गावाची अख्खी बैठक निघालीय.

प्रियांका मोहिते, सी-४०३: सर अंगावर काटा आला. किती जुनं असेल?

देशपांडे सर: वरच्या ओळीत 'इहिदे सबैन मया व अलफ' एवढं नीट लागतंय. हे अरबीतले आकडे आहेत: एक, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे ११७१. हा सुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, तेव्हा १७७०-७१. हे साल मृग नक्षत्राला बदलतं म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. पेरणीवाल्या मुलखाचं वर्ष पेरणीलाच सुरू होणार. तेव्हा साताऱ्याच्या गादीवर रामराजे, पुण्यात थोरले माधवराव पेशवे. मजकूर फोटोवरून सगळा लागत नाही, पण 'पाट' आणि 'पाळी' हे शब्द दोन-तीनदा आलेत. पाण्याच्या पाळीचं भांडण दिसतंय.

निकम, सेक्रेटरी: म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीही ए विंग आणि बी विंग होत्या.

राहुल शिंदे: 😂😂 टँकरचा महजर करा आता. निकम भाऊंची निशाणी काय? व्हॉल्व्हची चावी.

माने आजोबा, ए-००२: हसण्यावारी नेऊ नका. आता सगळे सांगतील संग्रहालयाला द्या. माझ्या वडिलांनी एका संस्थेला दोन समया आणि पोथ्यांचा जुडगा दिला होता. पोच नाही, यादी नाही. मी नंतर विचारायला गेलो तर म्हणे तेव्हाचे कार्यवाह वारले. कपाटं उघडून बघू दिली नाहीत. दिलं की गेलं. त्यापेक्षा घरात धूळ खाल्लेली बरी, निदान धूळ तरी आपली.

सुनीता जगताप: आमच्या घरी पण हेच म्हणतायत. शिवाय न्यूजर्सीचा पुतण्या म्हणतोय एक चांगला कागद मला द्या, फ्रेम करून हॉलमध्ये लावतो.

देशपांडे सर: पुतण्याला आजच नाही म्हणून सांगा. पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा आहे. वस्तू शंभर वर्षांची आणि ऐतिहासिक महत्त्वाचं हस्तलिखित ७५ वर्षांचं झालं की ती पुरावस्तू, आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर बॅग उघडली तर उत्तर त्यालाच द्यावं लागेल. त्याला चांगला रंगीत प्रिंट काढून द्या, फ्रेममध्ये फरक कळत नाही.

माने, तुमचं दुखणं खरं आहे, मी त्यावर पांघरूण घालणार नाही. पण समया तिथे देणं ही चूक नव्हती. नोंदवहीत न चढवता ठेवून घेणं ही चूक, आणि ती त्यांची. काचेची कपाटं, दिवे, पाट्या हे सगळं नंतर. संग्रहालयाचा जीव त्या नोंदवहीत असतो: वस्तू कधी आली, कुणाकडून आली, कुठे सापडली, तिच्यावर कोणता क्रमांक टाकला. हे नसेल तर ते भांड्याचं दुकान.

प्रियांका मोहिते: नोंदवहीवरून आठवलं. आपल्या प्रतापसिंह हायस्कूलचं रजिस्टर! ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचा शाळाप्रवेश झाला, त्यात भिवा रामजी आंबेडकर असं नाव आहे. त्या तारखेवरून राज्यभर विद्यार्थी दिन पाळतात. एखाद्या हेडमास्तरांनी जुनी रजिस्टरं रद्दीत काढली असती तर आज काय दाखवलं असतं?

देशपांडे सर: हेच म्हणतो मी.

राहुल शिंदे: सर एक विचारू? आता फोनवर स्कॅन होतं, ड्राइव्हवर टाकलं की झालं. मग मूळ कागद कुठे आहे याला काय महत्त्व? आणि संग्रहालयात तरी कोण जातं? एसटी स्टँडजवळच्या शिवाजी संग्रहालयात मी शाळेत असताना गेलो होतो, मग थेट वाघनखं आली तेव्हा.

सागर भोसले, बी-२०४: ती वाघनखं खरी नव्हतीच म्हणतात.

विकास यादव, ए-३०३: कोण म्हणतं? पुरावा दे.

सागर भोसले: हा मेसेज डिलीट केला आहे

विकास यादव: हा मेसेज डिलीट केला आहे

निकम, सेक्रेटरी: ग्रुपवर शिस्त पाळावी. पुढचा मेसेज आला तर ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन' करीन.

प्रियांका मोहिते: निकम भाऊ बंद नका करू, उलट यावर बोलायला पाहिजे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून ती आली तेव्हा मी आमच्या वर्गाला घेऊन गेले होते. रांगेत उभं असतानाच चौथीतला एक पोरगा विचारतो, बाई हीच का ती? मी त्याला जे माहीत होतं ते सांगितलं. त्या वाघनखांच्या पेटीवर इंग्रजीत लिहिलंय की ही शिवाजी महाराजांची, आणि जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, असताना पेशव्यांच्या प्रधानाने त्याला दिली. आणि तेच लंडनचं संग्रहालय स्वतः सांगतं की अफजलखानाच्या वेळी वापरली ती हीच, याची खात्री करता येत नाही. पोरगा गप्प झाला, मग म्हणतो, मग पेटीवर कुणी लिहिलं? मला वर्षभरात कुणी इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता. हात जोडायचे ते जोडावेत, पण प्रश्न विचारायला संग्रहालयाएवढी चांगली जागा नाही.

विकास यादव: मॅडम हे पटलं. मी उगाच चढलो होतो.

देशपांडे सर: राहुल, तुझ्याकडे येतो. स्कॅन तर आधी कर, त्याला ना नाही. पण फोटोत शाई दिसते, कागद दिसत नाही. कागदाचा पोत, एकाखाली एक चिकटवलेले कागदाचे बंद, जोडावरचा शिक्का, घडीच्या खुणा, मागच्या बाजूची बारीक नोंद, यावरून अस्सल की नक्कल ते ठरतं. आणि फोटो काढून ड्राइव्हवर ठेवलेला मोडी कागद वाचणार कोण? वाचणारी माणसं तयार करणं हेच तर इतिहास मंडळांचं काम. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं, इतिहासकार राजवाडे आणि मेहेंदळे यांनी काढलेलं. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड काढले ते अशाच रुमालांतून, म्हणजे फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांतून. पहिला खंड १८९८ चा, आणि त्याचे कागद कुठले? आपल्या वाईला सापडलेले. तेव्हा ते कुणाच्या तरी माळ्यावरच होते.

माने आजोबा: बघा, वाईचे कागद आणि नाव पुण्याचं. साताऱ्याचं जे काही चांगलं ते खंबाटकी घाट उतरून जातं.

देशपांडे सर: माने, तुम्ही म्हणता त्याचा सगळ्यात मोठा दाखला मी देतो. आपल्या दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी जन्मभर कागद, चित्रं, नाणी जमवली. मेणवलीचं नाना फडणवीसांचं दफ्तर त्यांच्याच संग्रहात होतं. त्यासाठी १९२५ मध्ये साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उघडलं. पुढच्याच वर्षी पारसनिस गेले. १९३९ मध्ये तो सगळा संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात हलला. तिथे नीट ठेवलाय, अभ्यासक वापरतात, तक्रार नाही. पण साताऱ्याच्या पोराला साताऱ्याचे कागद बघायला स्वारगेटची गाडी धरावी लागते.

सुनीता जगताप: हे मला माहीतच नव्हतं. माहेर साताऱ्याचं असून.

राहुल शिंदे: मलाही नव्हतं. ओके सर, हरलो. पण लोक जात नाहीत हे तरी खरं ना?

प्रियांका मोहिते: लोक जात नाहीत कारण आपण पोरांना रांगेत नेतो, 'हात लावू नका, पुढे चला' करतो आणि पंधरा मिनिटांत बाहेर काढून वडापाव देतो. मीही तेच करायचे. आता प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची, तिच्यासमोर बसायचं, चित्र काढायचं आणि विचारायचं की ही कुणी वापरली, कशाने केली, तुटली तर कोण दुरुस्त करायचं. बाकी दालनं राहिली तरी चालतील. आणि संग्रहालयाने वाट बघत बसायला पाहिजे असंही नाही. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बसमध्ये वस्तू मांडून शाळांच्या दारात जातं, ते फिरतं संग्रहालय २०१५ पासून आहे. जिल्ह्याला अशी एक बस मिळाली तर माण-खटावची पोरं काय करतील विचार करा.

विकास यादव: औंधला न्या सगळ्यांना. यमाईच्या डोंगरावर भवानी संग्रहालय आहे. रवि वर्मांची चित्रं आहेत, हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्प आहे. परदेशी माणसं नकाशा बघत येतात आणि आपण देवीला नारळ फोडून तसेच खाली उतरतो.

देशपांडे सर: औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा तो संग्रह. राजा स्वतः चित्रकार. हौसेने जमवलेलं वाड्यात कुलपात न ठेवता रयतेसाठी इमारत बांधून त्यात मांडलं. त्याच माणसाने १९३९ मध्ये संस्थानचा कारभार लोकांच्या हातात दिला. मला या दोन्ही गोष्टी एकाच स्वभावाच्या वाटतात.

जाता जाता लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीचंही सांगून टाकतो, कारण पोरं तिथे रील काढायला जातात. तिथला शिलालेख शके १६४१ ते १६४६ सांगतो. पुष्कळ ठिकाणी तेच आकडे इसवी सन म्हणून छापलेत. शकात ७८ मिळवले की १७१९ ते १७२४ येतं, म्हणजे थोरल्या शाहूंचा काळ. दगडावर स्पष्ट लिहिलेलं असून आपण ७८ वर्षं खाल्ली. तिथे एक नीट पाटी लावणं हे गावच्या इतिहासप्रेमी मंडळींना सहज जमण्यासारखं काम आहे.

सुनीता जगताप: सर, ते सगळं खरं, पण मी आत्ता या गठ्ठ्याचं काय करू? कसर लागलीय. गच्चीत उन्हात घालू का? लॅमिनेशन करून घेऊ?

देशपांडे सर: दोन्ही नको! उन्हात कागद कडकडीत होऊन तुटतो. लॅमिनेशन केलं की पुन्हा सोडवता येत नाही. चिकटपट्टी लावू नका, स्टेपल नको, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. सावलीत, पंखा बंद करून, मऊ ब्रशने धूळ झाडा. घडी उघडत नसेल तर ओढू नका, तशीच राहू द्या. मग धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात बांधा. तो लाल रुमालही टाकू नका, तोही त्यातलाच.

मग प्रत्येक कागदाला क्रमांक. क्रमांक कागदावर लिहायचा नाही, वेगळ्या चिठ्ठीवर लिहून फोटोत शेजारी ठेवायची. राहुल दोन्ही बाजूंचे फोटो काढेल. घर कुठलं, पेटी कुठे होती, सासऱ्यांनी कधी काही सांगितलं होतं का, हे वहीत लिहा. कागदाइतकीच ती माहिती मोलाची आहे आणि ती फक्त तुमच्याकडे आहे. हे झाल्यावर द्यायचं की नाही, कुणाला द्यायचं, ते घरच्यांनी ठरवा. घाई नाही. द्यायचं ठरलं तर क्रमांकवार यादीवर त्यांची सही-शिक्का घ्या, आणि स्कॅनची प्रत आम्हाला मिळेल, गावकऱ्यांना बघायला मिळेल, हे त्यात लिहून घ्या. जी संस्था एवढं लिहून द्यायला का-कू करते तिला देऊ नका.

राहुल शिंदे: माझ्याकडे ट्रायपॉड आहे. उद्या ४ वाजता क्लबहाऊसमध्ये?

निकम, सेक्रेटरी: ४ ते ६ क्लबहाऊस मोकळं आहे. भाडं लावत नाही. चहा मात्र आत नेऊ नये, कागदावर सांडला तर माझ्यावर येईल.

ओंकार: सर मी येऊ? मला त्या सह्या बघायच्यात. सुताराची कुठली ते मी शोधतो.

देशपांडे सर: हात धुऊन, कोरडे करून ये.

माने आजोबा: सर, एक विचारतो. यादी नसताना मागून काही उपयोग असतो का? माझ्या लग्नाच्या फोटोत त्या दोन्ही समया आहेत. आणि एकीच्या बुडाला आजीचं नाव घातलंय.

देशपांडे सर: नाव घातलंय? मग अजून काय पाहिजे! त्यांच्या वहीत नोंद नसली तरी समईवर आहे. फोटो उद्या घेऊन या, राहुल त्याचाही स्कॅन काढेल. सोमवारी आपण दोघं जाऊ. समया परत मागायच्या नाहीत, आधी नोंद करून घ्यायची. काय म्हणता?

माने आजोबा: नोंद करतील तर तिथेच राहू देत. पण आजीचं नाव पाटीवर आलं पाहिजे.