एअरबॅगचा दिवा विझत नाही, तुमचे अनुभव आणि खर्च सांगा

नमस्कार मंडळी. गाडी २०१९ची, टॉप मॉडेल, सहा एअरबॅग, ५२ हजार किलोमीटर झालेत. मागच्या रविवारी सीटा, कार्पेट सगळं आतून धुवून घेतलं. सोमवारी ऑफिसला निघालो तर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर लक्षात आलं की एअरबॅगचा दिवा लागलेलाच आहे. गाडी बंद करून परत चालू केली तरी तेच. सर्व्हिस सेंटरला नेली तर तासाभरात एस्टिमेट हातात, मॉड्यूल (एअरबॅग कंट्रोल करणारा डबा) आणि ड्रायव्हर साईडची एअरबॅग मिळून ४१,००० रुपये. नेमकं काय बिघडलंय विचारलं तर "सिस्टीममध्ये एरर आहे सर" एवढंच. शुक्रवारी चिपळूणला जाऊन आईला घेऊन यायचंय, आणि हायवेला अशी गाडी न्यायला मन धजत नाही. ज्यांच्याकडे हे झालंय त्यांनी काय झालं, कुठे सापडलं आणि किती गेले ते सविस्तर लिहा, मलाच नाही बाकीच्यांनाही उपयोग होईल.

घाटकोपर

दादा, ४१ हजार अजिबात भरू नका आत्ता. तुम्ही सीटा धुतल्या म्हणालात ना, तिथेच बघा आधी. माझंही डिट्टो. सीटखाली एक पिवळ्या रंगाचा कनेक्टर असतो, एअरबॅगची वायरिंग बहुतेक गाड्यांत पिवळीच ठेवतात म्हणजे ओळखू येते. व्हॅक्युमचा पाईप लागून तो अर्धवट निघाला होता. स्कॅन करून कनेक्टर नीट बसवून मॉड्यूलमधला एररचा कोड पुसला, ९०० रुपये. फक्त तुम्ही स्वतः हात घालून ओढाताण करू नका, तेवढं ऐका.

दादर

माझी सुरुवात हॉर्नपासून झाली. सेनापती बापट मार्गावर एक बाई अचानक आडवी आली, हॉर्न दाबला तर वाजलाच नाही, माझे हातपाय गार पडले. दोन दिवसांनी स्टिअरिंगवरची आवाजाची बटणं बंद आणि मग एअरबॅगचा दिवा. तीनही एकदम गेले की बहुतेक वेळा क्लॉक स्प्रिंग असते. स्टिअरिंगच्या आत गुंडाळलेली पट्टीसारखी वायर, चाक फिरतं तशी ती उलगडते आणि गुंडाळते, ड्रायव्हरच्या एअरबॅगचा करंट तिच्यातूनच जातो. आमच्या सोसायटीत गाडी लावायला रोज पाच-सहा वेळा स्टिअरिंग पूर्ण फिरवावं लागतं, त्यानेही झिजली असेल. पहिल्यांदा ओळखीच्या मेकॅनिककडून भंगारातली बसवली, २,२०० रुपये, चार महिन्यांत तुटली कारण बसवताना ती मधोमध सेट करावी लागते आणि त्याने तशीच चढवली. मग नवी घेतली, ६,८०० पार्ट आणि १,२०० मजुरी. एअरबॅगच्या सर्किटमध्ये भंगारातलं काही घालू नका, मी केली ती चूक तुम्ही नका करू.

ठाणे

मी १४ वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो. चावी फिरवली की मॉड्यूल स्वतःला आणि सगळ्या सर्किटना तपासतं, त्या वेळात दिवा लागतो आणि साधारण सहा-सात सेकंदांनी विझतो. विझला नाही म्हणजे त्याला काहीतरी सापडलंय, आणि मग अपघातात एअरबॅग उघडेल याची खात्री धरता येत नाही. एअरबॅग पेटवणाऱ्या भागाचा रेझिस्टन्स दोन-तीन ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे कनेक्टरच्या पिनेवर नुसता गंज धरला आणि थोडा रेझिस्टन्स वाढला तरी मॉड्यूल बोंब मारतं. पार्ट चांगला असतो, जोड खराब असतो. आपल्याकडच्या पावसात आणि खाऱ्या हवेत हे मी सारखं बघतो. म्हणून दादा, कोड नंबरसकट कागदावर मागा. कुठलं सर्किट आणि ओपन (म्हणजे तुटलेलं) आहे की रेझिस्टन्स जास्त आहे, ते कोडवरून कळतं. ऑनलाईन मिळणारी स्वस्तातली ब्लूटूथ स्कॅनरं बहुतेक इंजिनाचेच कोड वाचतात, एअरबॅगचे नाही, तेव्हा त्यावर "नो फॉल्ट" आलं तर निर्धास्त होऊ नका. आणि कळकळीने सांगतो, एअरबॅगला मल्टीमीटर लावून कोणालाही तपासू देऊ नका, तेवढ्या करंटनेही ती फुटू शकते. काम करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबायचं असतं, मॉड्यूलमध्ये चार्ज साठलेला असतो. जो थांबत नाही त्याच्याकडून गाडी परत आणा.

परळ

आमच्याकडे उंदीर. चाळीत गाडी रस्त्यावरच असते, कार्पेटखालची वायर कुरतडली. जोडून, टेप मारून नाही, वायरचा तुकडा बदलून घेतला, २,५०० रुपये.

कल्याण

हे सेकंड हँड गाडी घेणाऱ्यांनी जरूर वाचा. २०२१ साली एका डीलरकडून २०१४ची सेडान घेतली. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागायचाच नाही. विचारलं तर म्हणाला या मॉडेलला नसतोच. मला खरं वाटलं, कारण ड्रायव्हरची एअरबॅग नव्या गाड्यांना सक्तीची झालीच १ जुलै २०१९ला, त्याआधीच्या बऱ्याच बेस मॉडेलना नसायचीच. पण माझ्या गाडीच्या स्टिअरिंगवर एसआरएस लिहिलेलं होतं, म्हणजे एअरबॅग असल्याची खूण. वर्षभराने दुसऱ्या कामासाठी डॅशबोर्ड उघडला तेव्हा कळलं, एअरबॅगच्या जागी काही नाही, वरचं झाकण गमने चिकटवलेलं, आणि दिव्याचं कनेक्शन कापलेलं. आधी कधीतरी मोठा अपघात झालेला होता. सगळं नव्याने बसवायचं एस्टिमेट ८६,००० आलं. त्या वर्षभरात बायको नववा महिना लागेपर्यंत पुढच्या सीटवर बसून येत होती, ते आठवलं की अजून झोप येत नाही. गाडी बघायला गेलात तर दिवा लागून विझतो का ते स्वतः उभं राहून बघा, न लागणारा दिवा जास्त वाईट.

मुलुंड

माझ्या खरोखर उघडल्या. पहाटे कांजूरमार्गला ईस्टर्न एक्सप्रेसवर पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला. धूर, फटाक्यासारखा वास, कानात शिट्टी. खांद्यावर पट्ट्याचा वळ महिनाभर होता पण चालत बाहेर आलो. खर्चाचं सांगतो, कारण ते कोणी आधी सांगत नाही. दोन एअरबॅग, मॉड्यूल, डॅशबोर्ड, दोन्ही पट्टे (आत धडकेच्या वेळी पट्टा घट्ट खेचणारा प्रीटेन्शनर असतो, एकदा खेचला की बदलावाच लागतो), मिळून १,३८,०००, बॉडीचं वेगळं. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा कापतात, गाडी कितीही नवी असो. मी रिन्युअलला २,२०० वाचवायला झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) काढून टाकला होता. खिशातून ६३,००० गेले.

सायन

२९ ऑगस्ट २०१७, हिंदमाताला गाडी सीटपर्यंत पाण्यात. मॉड्यूल बऱ्याच गाड्यांत गिअरच्या कन्सोलखाली, जमिनीलगत असतं. सुकवून दोन महिने चाललं, मग दिवा लागला तो कायमचाच. नवंच घालावं लागलं, २१,५००. पाणी ओसरल्यावर लगेच क्लेममध्ये ते लिहून घेतलं असतं तर वाचले असते.

वाशी

पैसे भरायच्या आधी कंपनीच्या साईटवर चॅसी नंबर टाकून रिकॉल आहे का बघा, मला दिव्यावरूनच ते सुचलं. दिव्याचा आणि रिकॉलचा संबंध असेलच असं नाही, पण टाकाटा या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं (एअरबॅग फुगवणारा भाग) अमोनियम नायट्रेट उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून खराब होतं आणि फुटताना धातूचे तुकडे उडतात, म्हणून जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या. भारतातल्याही होत्या. आपल्याइतकी दमट हवा कुठे. माझी बदलून मिळाली, एक रुपया घेतला नाही.

धागाकर्ता

बुधवारी परत गेलो, कोड लिहून द्या म्हटलं. अ‍ॅडव्हायझर आधी टाळत होता, शेवटी प्रिंट दिली: ड्रायव्हर साईड एअरबॅग (सीटमधली), रेझिस्टन्स जास्त. मॉड्यूलचा उल्लेखच नाही! ठाण्याच्या दादांनी सांगितलं तसं दुसऱ्या ठिकाणी नेली, त्याने बॅटरी काढली, चहा मागवला, दहा मिनिटं थांबला आणि मग सीट उचलली. कनेक्टर ओला, दोन पिनांवर हिरवट थर, कार्पेटखाली अजून पाणी. साफ केलं, एक पिन बदलली, कार्पेट काढून दिवसभर उन्हात टाकलं. १,६०० रुपये.

गुरुवारी रात्री पार्किंगमध्ये दहा वेळा तरी चावी फिरवली असेल. प्रत्येक वेळी सहा सेकंद, मग विझतो. आत्ता आईला घेऊन पेणपर्यंत आलोय, ती मागे पट्टा लावून झोपलीये.