मांजरा धरणाच्या बॅकवॉटरला तीन रविवार झाले, गळाला काहीच लागेना. भादव्यात मासा जातो कुठं?

लातूरचा_गळवाला

नमस्कार मंडळी, लातूरहून लिहितोय. गळाचा नाद लहानपणी गावच्या तळ्यावर होता, मग नोकरी, लग्न, हप्ते ह्यात सुटला अन आता चाळिशीत परत लागलाय, बायको म्हणती दारूपेक्षा बरं. ऑनलाइन टेलिस्कोपिक रॉड मागवला, रील, तंगूस (नायलॉनची दोरी), शिसं सगळं आणलं. मे महिन्यात मांजराच्या बॅकवॉटरला कळंबच्या बाजूनं बसलो होतो तर दोन तासात आठ-नऊ चिलापी (तिलापिया) आणि वर दीड किलोचा एक सिप्रनस (कॉमन कार्प). मला वाटलं आपल्याला जमलं बुवा.

मग पावसाळ्यात गेलोच नाही. आता गणपती उठले, धरण चांगलं भरलंय, म्हणलं आता तर मासाच मासा. तीन रविवार ओळीनं गेलो. तीच बाभळीची जागा, तोच ब्रेडचा गोळा, वेळ पण तीच, दहा ते दोन. काही नाही. पाणी म्हणजे टपरीवरचा चहा, बोटभर आत बुडवलं की बोट दिसत नाही. दोरीला बांधलेलं तरंगतं बूच नुसतं डुलतंय. गेल्या रविवारी एक पोरगं म्हशी धुवायला आलं, तासभर माझ्याकडं बघितलं अन म्हणलं, काका, तुम्ही काय करायलाव? काय सांगू त्याला.

तर जाणकारांनी सांगा, ह्या दिवसात मासा लागतच नाही का माझंच काही चुकायलंय? चारा बदलू का? अमावस्या-पौर्णिमेचं काही असतं का? घाट बसायच्या आत एकदा तरी मासा घरी न्यायचाय, आमच्याकडं तुळजापूरची देवी आहे, घाट बसले की दसऱ्यापर्यंत सगळं बंद.

धनेगाव_साइड

भाऊ तीच जागा म्हणतोस ते कसं काय? मेमधली तुझी जागा आता पार पाण्याखाली गेली. मेमध्ये तू जिथं बूड टेकवलं होतं तिथं आज पंधरा-वीस फूट पाणी असंल. तू बाभळ तीच धरलीस, पण पाणी तुझ्याकडं चालत आलंय, अन तू आता खोलात टाकायलास.

उन्हाळ्यात पाणी आटून मासा एका डबक्यात गोळा होतो, तवा कुणालाबी लागतो, शेंबड्या पोरालाबी. आता तोच मासा दहापट पाण्यात पांगलाय. आणि त्याला खायला कमी नाही. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या गाळात लोकांनी जी गाळपेर केली होती, काकड्या, टरबूज, चारा, ती सगळी रानं बुडाली, त्यातलं गवत कुजायलंय, गांडुळं, किडे, गोगलगायी सगळं फुकट. असं ताट मांडलेलं असताना तुझा बेकरीचा ब्रेड कोण खाणार बे.

तर काठ बघ. जिथं नव्यानं पाणी चढलंय, गुडघाभर ते छातीभर, खाली गवत आहे, तिथं टाक. ब्रेड सोड. गांडूळ लाव, लेंडी खताच्या ढिगाखालचं, लाल बारीक. आणि दहा ते दोन ही काय वेळ आहे का, ती झोपायची वेळ.

गोदाकाठ_पैठण

वरच्या भाऊनी मुद्द्याचं सांगितलं, मी नाथसागरावरचं, म्हणजे आमच्या जायकवाडी धरणावरचं सांगतो, पाणी वेगळं पण गोष्ट तीच आहे.

आपल्याकडची माती काळी, एकदम बारीक, ती पाण्यात विरघळल्यासारखी तरंगत राहती अन लवकर खाली बसत नाही. कोकणातला गढूळपणा चार दिवसात निवळतो, आपला पंधरा-पंधरा दिवस राहतो आणि मधी एखादा पाऊस झाला की पुन्हा पहिल्यापासून. अशा पाण्यात मासा डोळ्यानं खात नाही, वासानं आणि मिशांनी खातो. म्हणून ह्या दिवसात सिप्रनस, मृगल, शिंगाळा असला तळाचा मासा लागतो. कटला वरच्या थरात चरतो, बारीक तरंगतं खाद्य खातो, त्याच्या नादी लागूच नका आता, तो पाणी हिरवट झाल्यावर. रोहू मधल्या थराचा, त्याला थोडं थांबा.

माझी कसोटी सांगतो, लई साधी आहे. पाण्यात उभं राहायचं, गुडघाभर. स्वतःच्या पायाची बोटं दिसली तर रोहूसाठी सामान काढायचं. नडगीच्या खाली दिसत नसंल तर तळाला शिसं लावून गांडूळ नाहीतर पेंड. अन गुडघ्यापासूनच दिसत नसंल तर घरी जाऊन झोपायचं. (पाय घालताना आधी काठी टोचून बघा, गाळात मांडीपर्यंत जाणारे लोक बघितलेत मी, त्यातला एक मीच होतो, चप्पल अजून तिथंच आहे.)

दुसरी गोष्ट ऑक्सिजनची. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशाला लिटरमागं साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. वरून ते बुडालेलं गवत कुजताना ऑक्सिजन खातं. दोन-तीन दिवस सलग आभाळ राहिलं की शेवाळाला ऊन नाही, नवा ऑक्सिजन तयार होत नाही, अन मग पहाटे मासा वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतो. लोकांना वाटतं किती मासा आहे बघा! तो मासा खायला नाही आलेला, श्वास घ्यायला आलाय, त्याच्या तोंडाजवळ सोन्याचा गळ नेला तरी घेणार नाही. अशा दिवशी ऊन पडून वारा सुटेपर्यंत थांबायचं. म्हणजे "पहाटेच जा" हे पण दरवेळी खरं नाही, आदल्या दिवशी ऊन होतं का ते बघून ठरवा.

धनेगाव_साइड

हे तोंड उघडझाप वालं शंभर टक्के. आमच्याकडं दरवर्षी दोन-चार पोरं त्याला भुलतात अन दगडं मारत बसतात.

उदगीर_एक्सप्रेस

पौर्णिमेचं कुणी सांगितलं नाही. आमचे आजोबा अमावस्येच्या आधी तीन दिवस गळ टाकायचेच नाहीत. मासा उपाशी राहतो म्हणायचे.

गोदाकाठ_पैठण

आजोबांचा मान राखून सांगतो, चंद्राचं ते समुद्राला, तिथं भरती-ओहोटी असती. धरणात कसली भरती, आपली भरती म्हणजे वरून नाशिक-नगरचं पाणी सुटलं की. चांदण्या रात्री कंडाळीत (पाण्यात उभ्या लावलेल्या जाळ्यात) मासा कमी पडतो असं जाळंवाले म्हणतात, त्याला जाळं दिसत असंल कदाचित, पण दिवसा गळाला काय फरक पडतो?

चंद्रापेक्षा वारा बघा. आत्तापर्यंत वारा पश्चिमेकडून होता. पाऊस माघारी फिरला, म्हणजे आपल्याकडं साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, की वारा फिरतो, पूर्वेचा सुटतो. वारा ज्या काठाकडं वाहतो त्या काठाला वरचं सगळं तरंगतं खाद्य ढकललं जातं, काडीकचरा, किडे, शेवाळ, अन मागोमाग बारीक मासा, त्याच्यामागं मोठा. आपण काय करतो, पाठीवर वारा घेऊन बसतो कारण गळ लांब जातो. तोंडावर वारा घेऊन बसा. फेकायला त्रास होतो, डोळ्यात कचरा जातो, पण मासा पायाशी असतो.

उदगीर_एक्सप्रेस

आजोबा बिनमाशाचे कधी घरी आले नाहीत एवढंच म्हणतो.

गोदाकाठ_पैठण

महिन्यातले तीन दिवस तर घरूनच निघत नव्हते ना 😄

भोयाचा_पोऱ्या

सगळे ज्ञान देऊलालेत, एक कामाची गोष्ट कुणी सांगितली नाही. भाऊ, तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेकडं असतो. आधी तिथं जाऊन विचार, गळ टाकू का म्हणून. आमचे लोक एका-दोन गळाला सहसा नाही म्हणत नाहीत, चहा पण पाजतील, पण न विचारता पाच-पाच रॉड लावून बसणाऱ्यांशी भांडणं होतात मग. नाथसागर तर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथले नियम आणखी वेगळे, पैठणवाल्या भाऊनी ते पण सांगायला पाहिजे होतं.

दुसरं. ह्याच दिवसात आम्ही बोटुकली सोडतो, रोहू, कटला, मृगलची, बोटाएवढी. २०१६ ला मांजरा कोरडा पडला, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, ते सगळ्यांना आठवतं. मासा पण सगळा गेला होता ते कुणाला आठवत नाही. नंतर पाणी आल्यावर बी विकत आणून पुन्हा सुरुवात केली. म्हणून बारीक गळ लावून वीतभर रोहूची पोतडी भरून नेणारे दिसले की जीव जळतो. वीतभर नाहीतर त्याहून छोटा रोहू-कटला लागला तर ओल्या हातानं काढून सोडून द्या, कोरड्या हातानं धरला की त्याचा बुळबुळीत थर निघतो अन मग तो जगत नाही. चिलापी कितीबी न्या, ती संपत नसती.

अन मरळ. ह्या दिवसात काठाला बेशरमाच्या झुडपात पाण्यावर लाल-केशरी बारीक पिल्लांचा गोळा फिरताना दिसंल, ताटाएवढा, उकळी फुटल्यासारखं पाणी हलतं. त्याच्या खालीच मरळीची जोडी राखण करत असती. तिथं बेडूक लावून टाकला की ती रागानं झडप घालती, शंभर टक्के लागती. लोक व्हिडिओ काढून टाकतात वर. पण ती गेली की तासाभरात तो सगळा गोळा चिलापी अन बगळे साफ करतात. एका कालवणासाठी हजार-दोन हजार मरळ मारली तुम्ही. आमच्यातले म्हातारे तो गोळा दिसला की तराफा वळवून नेतात.

लातूरचा_गळवाला

बाप रे, हे मरळीचं माहीतच नव्हतं. मी तो गोळा बघितला गेल्या रविवारी! मला वाटलं कसलं तरी शेवाळ हलायलंय. आणि हो दादा, संस्थेत विचारतो आधी, आजपर्यंत खरंच कधी विचारलं नव्हतं.

बरं बूच दिसत नाही मला लाटेवर, लाल-पिवळं प्लास्टिकचं आहे, त्याचं काय करू?

धनेगाव_साइड

ते फेकून दे. कडब्याच्या पेंढीतलं एक जाड धाट काढ, साल सोलून आतलं पांढरं भेंड घे बोटाएवढं, त्यात तंगूस ओवून काडीनं आवळ. लहानपणी बैलगाड्या केल्या असशील की त्याच्या. पांढरं लांबून दिसतं, वजन नाही, सिप्रनस नुसता हुंगला तरी आडवं पडतं. संध्याकाळपर्यंत पाणी पिऊन जड होतं मग दुसरं लावायचं. रुपया लागत नाही.

आणि घाई करू नको ओढायची. सिप्रनस तोंडात घेतो, थुंकतो, पुन्हा घेतो. भेंड डुललं की ओढायचं नाही, चालायला लागलं की ओढायचं.

जागा सांगतो, धरणाच्या भिंतीकडं नको, एखादा ओढा धरणाला मिळतो ती जागा बघ. ओढ्याचं पाणी आधी निवळतं. धरणाचं गढूळ पाणी अन ओढ्याचं जरा स्वच्छ पाणी ह्यांची रेघ दिसती मधी, उघड दिसती, त्या रेघेवर टाक.

गोदाकाठ_पैठण

भिंतीच्या खालच्या बाजूला नदीत तर अजिबात उतरू नका ह्या दिवसात. दरवाजातून पाणी पडतं तिथं मासा गोळा होतो हे खरं, पण आपल्याकडं पाऊस नसला तरी वरून आवक वाढली की दरवाजे उघडतात. भोंगा वाजतो, पण वारा उलटा असला की ऐकू येत नाही. आमच्याकडं २७ दरवाजे आहेत, अर्धा फूट जरी उचलले तरी पात्रातला खडक बघता बघता बुडतो. सामान सोडून पळालोय मी एकदा.

अभयारण्याचं भोयाच्या पोऱ्यानं सांगितलं ते बरोबर आहे, माझ्याकडून राहिलं.

लातूरचा_गळवाला

मंडळी, रिपोर्ट देतो. काल गेलो होतो. शनिवारी कडक ऊन होतं म्हणून पहाटेच निघालो, पावणेसहाला काठावर. आधी संस्थेच्या माणसाला भेटलो, त्यानं खरंच चहा पाजला अन वरून म्हणला ती बाभळ सोडा, तिथं कुणालाच काही लागत नाही. तीन रविवार!

ओढ्याच्या तोंडाशी बसलो, ती रेघ दिसली, अगदी कुणी खडूनं मारल्यासारखी नाही पण दिसली. गांडूळ, भेंड, तोंडावर वारा. पहिला अर्धा तास काही नाही अन मी मनातल्या मनात तुम्हा सगळ्यांना शिव्या द्यायला सुरुवात केली होती. मग भेंड डुललं. मी हात आखडला. पुन्हा डुललं. मग आडवं पडलं आणि सरळ चालायला लागलं, ओढ्याच्या वरच्या अंगाला, सावकाश, कुणीतरी दोरी धरून नेतंय तसं. ओढलं तर रॉड असा वाकला की मला मेमधला सिप्रनस विसरायला झाला. दोन किलो शंभर ग्रॅम, किराणा दुकानात वजन केलं. त्याच्यानंतर चिलापी सहा, वीतभर रोहू एक (सोडला, ओल्या हातानं), आणि नऊ वाजता एक शिंगाळा.

शिंगाळा काढताना त्याचा बाजूचा काटा अंगठ्यात घुसला. ठणका म्हणजे काय सांगू, खांद्यापर्यंत गेला. हे कुणी सांगितलं नव्हतं राव.

भोयाचा_पोऱ्या

शिंगाळा वरून कधी धरायचा नसतो, पाठीवर एक अन दोन्ही बाजूला एक-एक काटा असतो. फडक्यात धरायचा, नाहीतर पक्कड. अंगठा सोसंल एवढ्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेव, ठणका उतरतो. काट्याचा तुकडा आत राहिला असंल नाहीतर सूज वाढायली असंल तर दवाखान्यात जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घे, अंगावर काढू नको.

धनेगाव_साइड

दोन किलो शंभर! फोटो कुठंय?

लातूरचा_गळवाला

फोटो काढायला अंगठा कुठं होता. गरम पाण्यानं उतरला ठणका, इंजेक्शन आज सकाळी घेतलं. कालवण बायकोनं काळा मसाला घालून केलं, मला डाव्या हातानं खावं लागलं. घाट परवा बसायलेत, आता दसरा झाल्यावरच. तोवर पाणी निवळंल ना? रोहूसाठी पेंड कुठली घेऊ, शेंगदाण्याची का सरकीची?

गोदाकाठ_पैठण

शेंगदाण्याची. भाजून, कुटून, कणकेत मळून. अन आधी नडगी बघा.