रात्रीचे फोन आणि घरी सात महिन्यांचं बाळ: मोठ्या जनावरांची प्रॅक्टिस कशी बसवायची?

तापीकाठ:
चोपडा तालुक्यात खासगी प्रॅक्टिस आहे, जास्त करून म्हशी आणि संकरित गाई. बाळ अंगावर पितं. दिवसा सासूबाई बघतात, अडचण रात्रीची. कोणत्या केसला लगेच निघायचं, कोणती सकाळपर्यंत थांबेल, हे फोनवर कसं ओळखायचं? आणि गोठ्यातून आल्यावर बाळाला घेण्याआधी नेमकं काय करायचं?

सातपुडा_पायथा:
ताई, आधी एवढंच विचारा: जनावर उभं आहे का, रवंथ करतंय का, डावी कूस फुगलीय का, व्यालं असेल तर कधी.

पाणमोट फुटून दोन तास झाले तरी वासरू सरकत नाही, मायांग (गर्भाशय) बाहेर आलंय, पोट फुगलंय, कोवळी ज्वारी खाऊन किराळ (त्या ज्वारीतली विषबाधा) लागलंय: इथे निघायचंच. किराळसाठी सोडियम थायोसल्फेट पेटीत कायम हवं. मायांग बाहेर असेल तर मालकाला सांगा, ओल्या स्वच्छ चादरीत उचलून धरा, कुत्रं जवळ येऊ देऊ नका, आत ढकलू नका.

व्याल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत गाय बसली, मान कुशीकडे वळलेली, कान गार, तर दुग्धज्वर (व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम कमी पडणं) समजा. तुम्ही पोचेपर्यंत पोत्यांचा टेकू देऊन तिला छातीवर बसती ठेवायला सांगा. तोंडाने काहीही पाजू द्यायचं नाही. तिला नीट गिळता येत नाही, पाजलेलं फुप्फुसात जातं.

वार (व्याल्यावर पडायची जार) पडली नाही, हा फोन मात्र बहुतेक वेळा थांबतो. 12 तास उलटल्याशिवाय वार अडकली असं धरतच नाहीत. गाय खातेय, अंग तापलेलं नाही, तर सकाळी जा. फक्त ‘ओढू नका, दगड बांधू नका’ हे फोनवर दोनदा सांगा. वार तुटून आत राहते आणि पुढचा आठवडा गर्भाशय सडण्यात जातो.

केळीबाग:
कृत्रिम रेतनासाठी रात्री जायची गरजच नाही. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. माज संपल्यावर साधारण 10-12 तासांनी बीज सुटतं, म्हणून उशिरा भरलेलंच बरं. रात्री नऊला फोन आला तर सकाळचा सातचा वेळ द्या. दोन फेऱ्या ठरवल्यात की मालकांनाही सवय लागते. आणि शेजारच्या गावातल्या डॉक्टरांशी एकाआड एक रात्र वाटून घ्या. ज्याची पाळी त्याचाच नंबर सगळ्यांना द्या.

गोठा_ते_घर:
बाळाचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ब्रुसेल्ला, म्हणजे जनावरांत गर्भपात घडवणारा आणि माणसालाही लागणारा जंतू. गर्भपात झालेलं जनावर, वार, गर्भपाण्याचे शिंतोडे हे सगळ्यात धोक्याचं. खांद्यापर्यंतचा हातमोजा घाला, त्यावर घट्ट रबरी मोजा, डोळ्यांना चष्मा. गमबूट आणि अ‍ॅप्रन गोठ्यावरच धुवा. कपडे अंगणातच उतरवून वेगळ्या बादलीत टाका, घरच्या कपड्यांत मिसळू नका. आंघोळ झाल्यावरच बाळ घ्या. नखं बारीक ठेवा. चिरलेल्या कातडीतूनही जंतू शिरतो.

एस-19 ही ब्रुसेल्लाविरुद्ध 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना द्यायची जिवंत लस आहे. सुई हाताला टोचली किंवा थेंब डोळ्यात उडाला तरी माणसाला लागण होऊ शकते. शक्य असेल तर सध्या ते काम सहकाऱ्याला द्या. टोचलंच तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन लसीचं नाव सांगा. मालक प्रेमाने चीक देतात, तो पूर्ण वाफवून खरवस केल्याशिवाय घरात कुणी चाखू नये.

तापीकाठ:
रेतनाचं वीर्य गोठवून ठेवायचं द्रव नायट्रोजनचं भांडं सध्या झोपायच्या खोलीत आहे. चालेल ना?

केळीबाग:
नाही ताई, आजच हलवा. नायट्रोजन उडतच असतो आणि बंद खोलीत प्राणवायू कमी करतो. वास येत नाही, कळत नाही. हवेशीर पडवीत, सावलीत, बाळाचा हात पोचणार नाही असं ठेवा. मे महिन्यात तर आठवड्यातून दोनदा तरी पट्टी घालून पातळी बघा. गाडीतून नेताना काचा खाली, आणि त्या फेरीत बाळ गाडीत नको.