पक्ष फुटल्यावर नाव आणि चिन्ह कोणाचे, हे नेमके कशावरून ठरते?

तळकोकणी

माझ्या आईचे वय 81 आहे. 1990 च्या विधानसभा निवडणुकीपासून ती धनुष्यबाणावर शिक्का मारत आली आणि यंत्रे आल्यावर त्याच चित्रासमोरचे निळे बटण दाबू लागली. 2024 च्या विधानसभा मतदानाच्या आदल्या रात्री, जेवणे आटोपल्यावर, चष्मा पुसत पुसत तिने विचारले, "बाण आता कोणाचो?" मला ठाऊक होते तेवढे मी सांगितले. त्यावर ती म्हणाली, "पण ह्या कोणी ठरवल्यान?" या दुसऱ्या प्रश्नाचे धड उत्तर मला देता आले नाही.

गेल्या काही वर्षांत शिवसेनेच्या या एकाच वादात निवडणूक आयोग, विधानसभा अध्यक्ष आणि सर्वोच्च न्यायालय अशा तिघांचे निर्णय वाचनात आले. यांपैकी कोणाचा अधिकार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो? बहुमत पाहायचे तर ते आमदारांचे, पदाधिकाऱ्यांचे की साध्या सदस्यांचे? आणि चिन्ह पाहून मत देणाऱ्या माणसाला या हिशेबात काही जागा आहे का? कोणता गट खरा यावर वाद नको, कृपया नियमांपुरतेच लिहावे.

विधिशाखा

आपल्या आईंचा प्रश्न रास्त आहे. गोंधळ होतो तो दोन वेगळे खटले एकच समजल्यामुळे.

पहिला विषय पक्षाचे नाव आणि चिन्ह यांचा. तो निवडणूक आयोगाकडे जातो. निवडणूक चिन्हे (आरक्षण व वाटप) आदेश, 1968 यातील परिच्छेद 15 नुसार, मान्यताप्राप्त पक्षात दोन गट पडून दोघेही "आम्हीच पक्ष" म्हणू लागले तर आयोग दोन्ही बाजू ऐकून निर्णय देतो आणि तो सर्वांवर बंधनकारक असतो. दुसरा विषय आमदारांच्या अपात्रतेचा. तो राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याखाली, विधानसभा अध्यक्षांकडे असतो. सर्वोच्च न्यायालय या दोघांच्या डोक्यावर बसून रोज हिशेब तपासत नाही. निर्णय कायद्याला धरून झाला की नाही एवढे ते पाहते. शिवसेनेच्या वादात 11 मे 2023 च्या निकालात घटनापीठाने राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे चूक ठरवले, प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा असल्याचे सांगितले, पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिलेला असल्यामुळे जुने सरकार परत आणता येत नाही असे म्हटले आणि अपात्रतेचा प्रश्न अध्यक्षांकडेच ठेवला. 10 जानेवारी 2024 रोजी अध्यक्षांनी शिंदे गट हाच खरा पक्ष मानला आणि दोन्ही बाजूंच्या कोणालाही अपात्र केले नाही.

आता बहुमत कोणाचे मोजतात ते पाहू. 1969 साली काँग्रेस फुटली तेव्हा बैलजोडीसाठी झालेल्या वादात आयोगाने आणि पुढे 1971 च्या सादिक अली निकालात सर्वोच्च न्यायालयाने जी मोजपट्टी वापरली, तीच आजही चालते: पक्षाची उद्दिष्टे कोण पाळतो, पक्षाची घटना काय म्हणते आणि संघटना व विधिमंडळ या दोन्हींत संख्याबळ कोणाचे. शिवसेनेबाबत आयोगाच्या 17 फेब्रुवारी 2023 च्या आदेशात पहिल्या कसोटीतून काही निष्पन्न झाले नाही. पक्षाची 2018 ची घटना लोकशाहीला धरून नाही आणि ती आयोगाच्या दप्तरी नाही, असे म्हणून दुसरी बाजूला पडली. संघटनेतील बहुमतही त्याच कारणाने विश्वासार्ह धरले गेले नाही. उरली फक्त विधिमंडळातली आकडेमोड, म्हणजे शिंदे गटाकडचे 55 पैकी 40 आमदार आणि 18 पैकी 13 खासदार; त्यावर नाव आणि धनुष्यबाण त्या गटाला मिळाले. 6 फेब्रुवारी 2024 च्या राष्ट्रवादी काँग्रेसच्या निर्णयातही शेवटी याच एका कसोटीवर घड्याळ अजित पवार गटाकडे गेले.

नियम काहीही म्हणो, व्यवहारात चिन्ह आमदारांच्या मागे जाते, असे माझे मत आहे. पक्ष आपली घटना नीट लिहीत नाहीत आणि अंतर्गत निवडणुका कागदोपत्री उरकतात. मग फूट पडल्यावर संघटनेचे बहुमत सिद्ध कशाने करणार?

जुनी फाईल

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. 1969 च्या वादात अखिल भारतीय काँग्रेस समितीचे सदस्यही मोजले गेले होते. म्हणजे संघटनेची गणना करता येते, तिची यादी खरी असेल तर. शिवाय निर्णय लागूनही 1971 च्या लोकसभा निवडणुकीत बैलजोडी कोणालाच वापरता आली नाही आणि इंदिरा गांधींचा पक्ष गाय-वासरू घेऊन लढला.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर डिसेंबर 1991 ची फूट आठवावी. तेव्हा दहाव्या परिशिष्टात एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला अपात्रतेपासून संरक्षण होते. शिवसेनेचे 52 आमदार होते, एक तृतीयांशाला 18 लागत होते आणि छगन भुजबळ नेमके 18 घेऊन बाहेर पडले. त्यांतले बरेचसे थोड्याच दिवसांत परतले, ही त्या प्रकरणाची गंमत. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने फुटीची ही तरतूद काढून टाकली आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची तेवढी ठेवली. त्यामुळे आजच्या फुटीर गटाला "आम्ही पक्षातून बाहेर पडलो" असे म्हणणे परवडतच नाही; "आम्हीच पक्ष" हेच म्हणावे लागते. चिन्हाचे वाद वाढण्याचे खरे कारण मला तरी या दुरुस्तीत दिसते.

आणि ठाकरे गटाला फुटीनंतर मिळालेल्या मशाल या चिन्हाबद्दल एक: शिवसेनेला धनुष्यबाण राखीव मिळाला तो 1989 साली राज्यपक्ष म्हणून मान्यता मिळाल्यावर. त्याआधीच्या निवडणुकांत तिच्या उमेदवारांनी निरनिराळी चिन्हे वापरली होती. 1985 साली भुजबळ माझगावातून निवडून आले ते मशालीवरच.

मांडवीकाठ

गोव्यात आम्ही विलीनीकरणाचा मार्ग पुरेपूर पाहिला आहे. मार्च 2019 मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या तीन आमदारांपैकी दोघे मध्यरात्री भाजपमध्ये "विलीन" झाले. तीनांत दोन म्हणजे बरोबर दोन तृतीयांश. त्याच वर्षी जुलैत काँग्रेसच्या 15 पैकी 10 गेले आणि सप्टेंबर 2022 मध्ये 11 पैकी 8. चाळीस जणांच्या सभागृहात ही गणिते हाताच्या बोटांवर जमतात.

येथे चिन्हाचा वाद उद्भवला नाही, कारण जाणाऱ्यांनी ते मागितलेच नाही. मगोपचा सिंह मगोपकडेच राहिला. पण मूळ पक्ष जागच्या जागी असताना केवळ त्याचे आमदार दुसऱ्या पक्षात विलीन होऊ शकतात का, हा प्रश्न उरतोच. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी 2022 मध्ये अपात्रतेच्या याचिका फेटाळून असे विलीनीकरण ग्राह्य धरले. मला ते पटलेले नाही.

मतदान केंद्र

मी काही निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून काम केले आहे, म्हणून मतदाराच्या बाजूने लिहितो. मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव, छायाचित्र आणि चिन्ह असते, परंतु बरेच वयस्क मतदार नजर थेट उजवीकडच्या चिन्हावरच नेतात. एका आजींनी बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेमागची चिठ्ठी सात सेकंद दिसते, तेवढ्या वेळात मान वाकवून चित्र पाहिले आणि मगच त्या हलल्या.

म्हणून मिळतेजुळते चिन्ह किती महाग पडते ते 2024 च्या लोकसभेला साताऱ्यात दिसले. शरद पवार गटाचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि एका अपक्षाला मिळाली पिपाणी. उदयनराजे भोसले यांचे मताधिक्य सुमारे 32 हजार 700 होते आणि पिपाणीला 37 हजारांवर मते पडली. ती सगळी चुकून पडली असे म्हणता येणार नाही. पण सगळी समजून पडली असेही मी म्हणणार नाही.

दुसरीकडे, घड्याळ वापरणाऱ्या गटाने "चिन्हाचा वाद न्यायप्रविष्ट आहे" अशी जाहीर सूचना वृत्तपत्रांत द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 19 मार्च 2024 रोजी सांगितले होते. सूचना छापून आल्या. आमच्या केंद्रावर आलेल्यांपैकी कोणाच्या बोलण्यात मात्र त्यांचा उल्लेख मी ऐकला नाही.

विधिशाखा

मतदाराला जागा आहे का, हा आपला तिसरा प्रश्न माझ्याकडून राहिला होता. आयोगाने 2023 च्या आदेशात मतांचा हिशेब मांडला होता: निवडून आलेल्या 55 आमदारांना 2019 मध्ये पडलेल्या मतांपैकी सुमारे 76 टक्के मते शिंदे गटाकडील 40 जणांची. मात्र ती मते फुटीपूर्वीची, एकाच चिन्हावर पडलेली. आमदार ज्या बाजूला गेला त्या बाजूला त्याची मतेही गेली असे धरणे हे गणित म्हणून सोपे आहे, कौल म्हणून कच्चे आहे.

तळकोकणी

सर्वांचे आभार. जुनी फाईल यांचा 91 व्या दुरुस्तीचा मुद्दा मला नवा होता. आईला काल हे सगळे थोडक्यात सांगितले. आमदार मोजून ठरवले, हे तिला लगेच कळले. "मगे माका कित्याक इचारतत?" एवढे म्हणून ती देवाची वात लावायला उठली. त्या दिवशी तिने कोणते बटण दाबले, हे मी विचारलेले नाही.