नौकेच्या प्रमाणपत्राविषयीच्या फ्रेंच वाक्याचे इंग्रजी भाषांतर

प्रश्न: नमस्कार. विहारनौका बांधणाऱ्या एका फ्रेंच कारखान्याची कागदपत्रे इंग्रजीत आणताना मी ‘लॉर्गानिझ्म नोतिफिए देलिव्र युन आतेस्तास्यों देग्झामें यूए द तीप’ या वाक्यापाशी (साधारण अर्थ: नेमलेली संस्था युरोपीय संघाच्या तपासणीचे प्रमाणपत्र देते) अडले आहे. ‘आतेस्तास्यों’साठी ‘अटेस्टेशन’ चालेल का आणि ‘द तीप’ नेमके कशाला जोडायचे?

उत्तर १: ‘अटेस्टेशन’ कृपया ठेवू नका. युरोपीय संघाचे कायदे फ्रेंच व इंग्रजी दोन्हींत अधिकृत असतात, त्यामुळे येथे नवा शब्द घडवण्याची मुभा आपल्याला नाही. विहारनौकांविषयीच्या २०१३/५३ या निर्देशाच्या, म्हणजे संघाच्या अशाच एका कायद्याच्या, चौकटीत ठरलेली संज्ञा ‘ईयू-टाइप एक्झामिनेशन सर्टिफिकेट’ हीच आहे. ‘तीप’ म्हणजे शिडाची की यंत्राची असा नौकेचा प्रकार नव्हे, तर ज्याच्याबरहुकूम पुढच्या नौका बांधल्या जातात तो नमुना, आणि तपासणी त्याची होते. ‘ऑर्गानिझ्म नोतिफिए’ला, म्हणजे अशा तपासणीसाठी अधिकृतपणे नेमलेल्या संस्थेला, ‘नोटिफाइड बॉडी’ म्हणावे.

उत्तर २: वरील उत्तराशी सहमत आहे, पण क्रियापदही जपा. फ्रेंच कायदा बंधन साध्या वर्तमानकाळात सांगतो, म्हणून ‘देलिव्र’चे (‘देते’) ‘इश्यूज’ केले तर कर्तव्याचे नुसते वर्णन होऊन बसते. तेथे ‘शॅल इश्यू’ हवे. शिवाय ‘देक्लारास्यों यूए द काँफॉर्मिते’, म्हणजे नौका नियमांनुसार असल्याची घोषणा, हा अशा कागदपत्रांतला दुसरा कागद वेगळा आहे. तो निर्माता स्वतःच्या जबाबदारीवर देतो, त्यामुळे त्याला ‘सर्टिफिकेट’ म्हणणे ही गंभीर चूक ठरेल.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. दुसऱ्या कागदालाही मी ‘सर्टिफिकेट’च लिहिले होते, ते आता ‘डिक्लरेशन ऑफ कन्फॉर्मिटी’ असे दुरुस्त केले आहे.