अनुभव धागा : करोनाकाळात विमानतळावरची नोकरी गेली तेव्हा

गेल्या महिन्यात भाचा आला होता. बारावी झालाय, पनवेलला राहतो. २५ डिसेंबर २०२५ला नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आणि त्यांच्या भागात 'एअरपोर्ट ग्राउंड स्टाफ कोर्स'चे फलक जागोजागी दिसायला लागले. "मावशी, तू अकरा वर्षं काढलीस तिथे. करू का?" मला पटकन हो म्हणता आलं नाही, नाही म्हणायलाही जीभ रेटेना. म्हणून हा धागा काढतेय.

मी मुंबईला टर्मिनल २च्या चेक-इन काउंटरवर होते. मार्च २०२०च्या चौथ्या आठवड्यात आधी आंतरराष्ट्रीय उड्डाणं थांबली, मग २४ तारखेच्या मध्यरात्री देशांतर्गतही. २५ मेला पुन्हा सुरू झाली तेव्हा मुंबईहून दिवसाला २५ विमानं सुटणार आणि २५ उतरणार, एवढीच परवानगी होती. एरवी तेवढी आमच्या एका सकाळच्या शिफ्टमध्ये जायची. माझ्या रोस्टरवर जूनमध्ये चार दिवस लागले. जुलैत एचआरचा फोन आला, सहा मिनिटांचा. "शुक्रवारपर्यंत राजीनाम्याचा मेल करा, म्हणजे तुमचं रेकॉर्ड चांगलं राहील." मी केला. हात थरथरत होते, पण केला.

तेव्हा रोज आकडे यायचे. इंडिगोने १० टक्के कर्मचारी कमी करायचं जाहीर केलं, ब्रिटिश एअरवेजने १२ हजारांपर्यंत, अमेरिकेत १ ऑक्टोबरला अमेरिकन आणि युनायटेड या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे ३२ हजार लोकांना घरी बसवलं. २०१९मध्ये जगभरात ४५० कोटी लोकांनी विमानप्रवास केला होता, २०२०मध्ये तो आकडा १८० कोटींवर आला. नोकऱ्या गेलेल्यांच्या यातल्या कुठल्याच मोजणीत मी नाही. कागदोपत्री मी स्वखुशीने नोकरी सोडली आहे.

तुम्हाला कसं कळलं, घर कशावर चाललं, परत गेलात का, मनापासून लिहा. कंपनीचं नाव नको, काम काय होतं ते सांगा. भाच्याला वाचायला देणार आहे.

केबिन क्रू, डोंबिवली

मी सहा वर्षं आखातातल्या एका कंपनीत होते. एप्रिलचं रोस्टर उघडलं तर महिनाभर नुसतं 'ऑफ'. खरं सांगते, आधी बरं वाटलं. सहा वर्षांत सलग चार रात्री एका पलंगावर झोपले नव्हते. पण आमचा मूळ पगार थोडा असतो, खरा पैसा उड्डाणाच्या तासांचा आणि लेओव्हरच्या (दोन उड्डाणांमधल्या परगावच्या मुक्कामाच्या) भत्त्याचा. विमान उभं, की तो शून्य. मूळ पगारालाही कात्री लागली.

जूनमध्ये दहा-दहा जणांना वेळ देऊन बोलावलं. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, सगळ्यांना मास्क. समोरच्या बाईंनी एक कागद वाचून दाखवला आणि त्या पुढच्या खोलीत गेल्या. शेजारची मुलगी हमसून रडत होती आणि तिच्याजवळ जायची परवानगी नव्हती. एका कागदाने नोकरी गेली, राहती खोली गेली आणि त्या देशात राहायचा हक्कही गेला, कारण खोली आणि व्हिसा दोन्ही कंपनीचं होतं.

परदेशात अडकलेल्यांना आणायला सरकारने 'वंदे भारत' मोहीम काढली होती, तिच्या विमानाने आले. तिकीट स्वतःच्या पैशाने, मुंबईत सात दिवस हॉटेलात विलगीकरण, तेही स्वतःच्याच पैशाने. सीटवर खाण्याची पिशवी आधीच ठेवलेली होती. क्रू पीपीईत, डोळे तेवढे दिसत होते. मी सवयीने दरवाजे मोजले, माझ्यापासून जवळचा कुठला ते पाहून ठेवलं.

२०२२मध्ये कंपनीचा मेल आला, परत या म्हणून. पण बाबांचं डायलिसिस सुरू झालं होतं. माझ्याच बॅचची एक मैत्रीण गेली. तिची आधीची सहा वर्षं धरली नाहीत, पहिल्या दिवसापासून सुरुवात. मी आता एका डेंटल क्लिनिकचा कारभार बघते. आठवड्यातून एकदा तरी स्वप्नात पिकअपची गाडी खाली येऊन उभी राहते आणि माझा गणवेश सापडत नाही.

लोडर, मरोळ

ताई, मला राजीनामाही मागितला नाही कुणी. मी ठेकेदाराकडे होतो. विमानाच्या बेलीत गुडघ्यावर बसून बॅगा लावायच्या, उन्हाळ्यात आत भट्टी असते. माझ्या एअरपोर्ट पासची मुदत जूनमध्ये संपली आणि ठेकेदाराने पुढचे कागदच दिले नाहीत. पास नाही तर आत जाता येत नाही. झालं. फोन केला की "बघू, सुरू झालं की सांगतो."

मे महिन्यात पाटण तालुक्यात गावी गेलो होतो. १४ दिवस शाळेत ठेवलं, बायको लांबून डबा ठेवून जायची. नंतर भावाच्या शेतावर राबलो, पण ती जमीन दोन घरांना पुरणारी नाही.

तुमच्या भाच्याला एक सांगा. पगारातून ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापत असतील तर तो नंबर पाठ पाहिजे. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, नोकरी गेली तर ९० दिवसांपर्यंत भत्ता मिळतो. करोनात तो सरासरी पगाराच्या निम्म्यापर्यंत वाढवला होता. आमच्या टोळीत २२ जण होते, माहीत फक्त मला होतं, तेही मेव्हणा ईएसआयच्या दवाखान्यात कामाला म्हणून. मला पैसे उशिरा मिळाले, पण मिळाले. बाकीच्यांना सांगेपर्यंत कोण कुठल्या गावाला गेलं ते कळेना.

आता परत तिथेच आहे, ठेकेदार दुसरा. कंबर पहिल्यासारखी राहिली नाही.

एका पायलटची आई, नाशिक

मुलगा लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. कमर्शियल लायसन्स झालं, त्यावर टाइप रेटिंग, म्हणजे एका ठरावीक जातीचं विमान चालवायची परवानगी, तेही झालं. दोन्हीसाठी मिळून राहतं घर बँकेकडे तारण. मे २०२०मध्ये रुजू व्हायचं पत्र हातात होतं. एप्रिलमध्ये मेल आला की तारीख पुढे ढकलली आहे. नवी तारीख लिहिलेली नव्हती.

मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवायची सवलत रिझर्व्ह बँकेने दिली होती. ह्यांनी ती घेतली. हप्ता थांबला, व्याज चालूच राहिलं आणि कर्जात मिळत गेलं. हे आम्हाला सप्टेंबरमध्ये बँकेत गेल्यावर उमगलं. तेव्हा समजावून सांगणारं कोणी असतं तर निदान व्याज तरी भरत राहिलो असतो.

दुसरी गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. पायलटची विद्या घरी बसून टिकत नाही. दरवर्षी मेडिकल, दरवर्षी इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (बाहेरचं न दिसता उपकरणांवर विमान चालवायची) परीक्षा, सिम्युलेटरचे तास, सगळं आपल्या खर्चाने चालू ठेवावं लागतं. नाहीतर बोलावणं आलं त्या दिवशी तुम्ही पात्रच नसता. पगार नसताना हा खर्च दोन वर्षं केला. माझ्या पाटल्या त्यात गेल्या, त्याचं मला वाईट वाटत नाही.

त्याच्या खोलीत भिंतीवर कॉकपिटचं चित्र लावलेलं आहे, बटणांसकट, खऱ्या मापाचं. रोज सकाळी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसायचा. हात वर करून एकेका बटणावर बोट ठेवायचा, तोंडाने पुटपुटायचा. नऊ वाजता उठून चुलतभावाच्या टेम्पोवर जायचा. दिंडोरीहून भाजी आणून नाशिकच्या सोसायट्यांमध्ये पोचवायचे. दोघांनी मिळून वर्षभर तो धंदा चालवला. एकदा गंगापूर रोडला त्याचा शाळेतला मित्र गिऱ्हाईक म्हणून समोर आला. त्याने हिशोब केला, सुटे पैसे दिले, घरी येऊन जेवला नाही.

२०२२च्या पावसाळ्यात दुसऱ्या कंपनीत लागला. आता फर्स्ट ऑफिसर आहे. कर्ज २०३३पर्यंत आहे. ते चित्र मी काढू दिलं नाही.

हाउन्स्लो, इंग्लंड

हीथ्रोजवळच्या फ्लाइट किचनमध्ये ट्रे भरायचे. इथे सरकारने फर्लो दिला, म्हणजे काम बंद असताना घरी बसून पगाराच्या ८० टक्के, महिना २५०० पौंडांपर्यंत. त्यामुळे उपाशी राहिलो नाही, हे कृतज्ञतेने लिहिते. पण योजना चालू असतानाच बऱ्याच जणांना रिडंडन्सीची, म्हणजे कामावरून कमी केल्याची, पत्रं आली. माझ्या ओळीतल्या अकराजणींपैकी चौघी उरलो. सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या, पंजाबी, गुजराती, मी एकटी कोल्हापूरची. घरी तिघी-तिघी कमावत्या आणि तिघीही विमानतळावरच, अशी घरं होती आमच्या गल्लीत. एकाच घरात तीन पत्रं आली.

विमान देखभाल अभियंता, मुंबई

माझी नोकरी गेली नाही, म्हणून इथे लिहावं की नाही ते समजत नव्हतं.

विमान उभं करून ठेवलं की काम संपतं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. इंजिनांची तोंडं झाकायची, वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांवर आवरणं चढवायची, नाहीतर किडे आत घर करतात आणि वैमानिकाला वेग चुकीचा दिसू शकतो. टायर एकाच जागी दबू नयेत म्हणून चाकं फिरवायची. ठरलेल्या दिवसांनी इंजिन चालू करून बघायचं. मुंबईच्या पावसाळ्यात तर ओल सगळीकडे शिरते. हे सगळं आम्ही निम्म्याहून कमी माणसांत केलं, कारण कंत्राटी टेक्निशियन आधीच गेले होते. त्यातला एक पोरगा माझ्या हाताखाली चार वर्षं दोन महिने होता. पाच वर्षं भरली नाहीत म्हणून ग्रॅच्युइटीही नाही. यादी माझ्याकडून मागवली होती, 'कुणाशिवाय भागेल' अशी. सहा नावं द्यायची होती. मी दिली.

तो आता भिवंडीला गोदामात आहे. दिवाळीला फोन करतो, सर म्हणतो.

वास्को, गोवा

दाबोळी विमानतळाबाहेर टॅक्सी. आमचं पोट चार्टरवर, म्हणजे पर्यटकांसाठी खास ठरवलेल्या विमानांवर, रशियन आणि ब्रिटिश पर्यटक, ऑक्टोबर ते मार्च. २०२०चा हंगाम मार्चमध्येच तुटला, पुढचा आलाच नाही. चार्टरने येणाऱ्यांना व्हिसा पुन्हा सुरू झाला तो १५ ऑक्टोबर २०२१ला. तोवर मी गाडी विकली होती. आमची नोकरी गेली असं कोण लिहिणार? आम्ही कुणाच्या नोकरीतच नव्हतो.

कामगार संघटनेत काम करणारा, ठाणे

धागा काढणाऱ्या ताईंसाठी. फोनवर राजीनामा मागितला तर देऊ नका, मागणी लेखी द्या म्हणा, आणि त्या दिवशी काहीही मेल करू नका. कामगार या व्याख्येत बसणाऱ्या माणसाला कपातीत काढलं, तर पूर्ण झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई द्यावी लागते, शिवाय महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार. राजीनामा दिला की कपात झालीच नाही, मग भरपाईही नाही. म्हणून तो मागतात. ग्रॅच्युइटी वेगळी, ती तुम्हाला मिळाली असेल.

धागाकर्ती

हो दादा, ग्रॅच्युइटी मिळाली. बाकीचं मला आज कळलं.

काल भाच्याला सगळं वाचायला दिलं. नाशिकच्या आईंचं त्याने दोनदा वाचलं. लोडर दादांचा ईएसआयचा भाग त्याने वहीत उतरवून घेतला. कोर्स करणार का, ते अजून बोलला नाही. दादा, तुमच्या भरपाईच्या हिशोबापाशी आला तेव्हा फोन काढून गुणाकार करायला लागला. अकरा गुणिले पंधरा. स्क्रीन माझ्याकडे वळवली. एकशे पासष्ट दिवस, म्हणजे साडेपाच महिन्यांचा पगार.